पाऊस पडायच्या आधी तळ्याची बैठक उरकून घ्या

मंडळी, पाऊस तोंडावर आलाय, तळ्याचं पाणी पार खाली गेलंय, आणि नेमका आत्ताच मासा हाताला सगळ्यात सोपा लागतो, म्हणून जो तो जाळं घेऊन पळतोय. जरा दमानं घ्या, आधी बैठक घेऊन सगळ्यांच्या तळ्याचे नियम ठरवा. खोल डोहात जे मोठे मासे तग धरून आहेत तेच पुढचं बियाणं आहे. एक डोह सगळ्यांनी मिळून राखून ठेवा, तिथं कोणीच जाळं टाकायचं नाही, अध्यक्षाच्या मेव्हण्यानेही नाही.

दुसरं म्हणजे ओढ्याचं तोंड. रोहू, कटला, मृगळ साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं, त्यामुळे पहिल्या मोठ्या पावसाला ते ओढ्याकडे चढायला लागतात आणि आपण नेमके तिथंच आडवं जाळं लावून बसतो. एका रात्रीत पाट्या भरतात खऱ्या, पण पोटातली अंडीही त्याच पाट्यांत जातात. पूर ओसरेपर्यंत ओढ्याच्या तोंडाला बंदी, हा नियम कागदावर घ्या आणि जागेवर खुंट्या ठोकून हद्द दाखवा, नाहीतर "मी तर हद्दीच्या बाहेर होतो" हे ठरलेलं. मरळ जरा वेगळी, ती काठच्या गवतात पिल्लं राखत बसते. लालसर पिल्लांचा घोळका दिसला की तिथं गळही टाकू नका, पालक मासा गेला की बाकीचे मासे त्या पिल्लांना फस्त करतात.

आता जाळ्याचा आस, म्हणजे जाळ्याच्या भोकाचं माप. निम्मी भांडणं इथंच होतात, कारण एकजण गाठीपासून लगतच्या गाठीपर्यंत मोजतो आणि दुसरा भोक ताणून समोरासमोरच्या गाठी मोजतो, दुसरं माप पहिल्याच्या दुप्पट येतं. कुठलं माप धरायचं ते आधी ठरवा, त्या मापाची एक लाकडी पट्टी करून ठेवा, आणि जाळी बैठकीतच सगळ्यांसमोर तपासा. मच्छरदाणीचं जाळं मात्र सरळ बंद.

बीज सोडणार असाल तर जिरे, म्हणजे नुकतीच अंड्यातून निघालेली बारीक पिल्लं, स्वस्त पडतं म्हणून तेच ओतू नका, मोठ्या तळ्यात ते इतर माशांचा खाऊ होतं. 80 ते 100 मिमीची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, घ्या, संख्या कमी आली तरी चालेल. पिशव्या 15-20 मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, मग थोडं थोडं तळ्याचं पाणी आत घ्या, आणि हे सकाळी किंवा संध्याकाळी करा, भर उन्हात नको. सोडल्यावर काही दिवस त्या बाजूला जाळी नकोत.

दंडाचं बोलायचं तर पहिल्याच चुकीला जाळं जप्त केलं की माणूस कायमचा दुरावतो आणि रात्री चोरून येतो. एलिनॉर ऑस्ट्रम यांना 2009 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते अशाच सामायिक साधनांच्या अभ्यासासाठी, त्यांनीही टिकलेल्या गटांत हेच पाहिलं की दंड आधी हलका आणि मग चढता असतो. आधी समज, मग थोडा दंड, मग काही दिवस मासेमारी बंद, असं ठेवा.

आणि वही लिहा. ब्राझीलमध्ये मामिराउआच्या तळ्यांत पिरारुकू नावाचा अवाढव्य मासा श्वास घ्यायला वर येतो, तेव्हा मासेमार स्वतः तो मोजतात आणि त्या मोजणीवरून किती पकडायचे ते ठरतं. आपले बहुतेक मासे असे वर येऊन हजेरी देत नाहीत, म्हणून आपण पकड मोजायची. तारीख, किती जाळी, किती तास, कुठला मासा किती किलो, बस. नुसते एकूण किलो बघू नका, कारण जाळी वाढली की किलो वाढतातच आणि तळं रिकामं होत असतानाही सगळं छान चाललंय असं वाटतं. एका जाळ्याला किती मासा येतोय ते बघा, तो घसरला की बंदीचे दिवस वाढवा. वही मासे विकणाऱ्या बायकांकडे द्या, मासा लहान यायला लागलाय हे सगळ्यात आधी त्यांच्याच लक्षात येतं, फक्त त्यांना बैठकीला बोलवायचं राहून जातं.