ॲपने मुलाची 'शिकण्याची शैली' ठरवली? या चुका टाळा

सोलापूरच्या पूर्व भागातली एखादी मुलगी घरी तेलुगू बोलते, शाळेत मराठी. ॲपवरचा लांबलचक मराठी मजकूर ती टाळते आणि व्हिडिओ लावते. सॉफ्टवेअर लगेच शिक्का मारतं: 'दृश्य शैली', म्हणजे चित्रं-व्हिडिओ पाहून शिकणारी. तोच धडा सोप्या, छोट्या वाक्यांत देऊन बघा. ती वाचायला लागली, तर अडचण भाषेची होती, शैलीची नव्हे.

मुलाची शैली अशी ठरवणाऱ्या बऱ्याच प्रणाली संशोधक फेल्डर आणि सिल्व्हरमन यांच्या शिकण्याच्या शैलींबद्दलच्या १९८८ च्या मांडणीवर चालतात. त्यासाठीची प्रश्नावली ४४ प्रश्नांची. शैलींच्या चार जोड्या (उदा. दृश्य-शाब्दिक, कृतिशील-मननशील), प्रत्येकीला ११ प्रश्न. प्रश्न विचारण्याऐवजी सॉफ्टवेअर लॉग, म्हणजे वापराच्या नोंदी, वाचतं: कोणतं पान किती वेळ उघडं होतं, धडे क्रमाने पाहिले की उड्या मारत, सराव आधी केला की उदाहरणं आधी पाहिली.

गडबड इथेच होते. पान उघडं आणि मुलगा खाली क्रिकेट खेळतोय, तरी 'मननशील' अशी नोंद! काही मिनिटं हालचाल नसेल तर तो वेळ मोजूच नका. घरात एकच मोबाइल आणि तिघं भावंडं असतील, तर प्रत्येकाचं लॉगिन वेगळं हवं. नाहीतर तिघांच्या सवयींची सरमिसळ होते. महिनाअखेरीस डेटा संपला की व्हिडिओ बंद होतात, तेव्हा त्या आठवड्याच्या नोंदीवरून मूल 'शाब्दिक' झालं असं समजू नका.

याहून फसवी चूक म्हणजे स्वतःचाच पुरावा तयार करणं. एकदा 'दृश्य' ठरलं की ॲप व्हिडिओच दाखवतं, मूल व्हिडिओच बघतं आणि अंदाज पक्का होत जातो. म्हणून काही धडे मुद्दाम कुठलाही बदल न करता सगळ्यांना सारखेच द्या. आणि प्रश्नावलीत एखाद्या जोडीचे गुण, म्हणजे दोन बाजूंच्या उत्तरांतला फरक, १ किंवा ३ आले, तर कल जवळपास समतोल असतो. अशा मुलाला एका बाजूला ढकलायचं कशाला?

माझं स्पष्ट मत, हे शिक्के फार मनावर घेऊ नयेत. शैलीप्रमाणे शिकवलं की जास्त समजतं, याला पुरेसा पुरावा नाही, असं मानसशास्त्रज्ञ पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी २००८ च्या आढाव्यात दाखवलं. ॲप निवडताना विक्रेत्याला एवढंच विचारा: अपूर्णांकांच्या बेरजेत मूल छेदांचीही बेरीज करत असेल, तर तुमचं सॉफ्टवेअर ते पकडतं का, आणि पुढचं गणित त्यानुसार बदलतं का?