ज्येष्ठ कलावंताच्या अल्बमवरची उलटसुलट परीक्षणे कशी वाचावीत

एखाद्या मुरलेल्या फंक-पॉप (ठेक्यावर भर देणारे अमेरिकन लोकप्रिय संगीत) कलावंताचा नवा अल्बम येतो, एक समीक्षक त्याला पाचपैकी चार तारे देतो, दुसरा दोनवर थांबतो, आणि वाचणारा मनातल्या मनात दोघांची सरासरी काढून ‘बरा असेल’ असे ठरवून मोकळा होतो. ही सरासरी बहुधा दिशाभूल करते, कारण अशा वेळी मतभेद अल्बमच्या दर्जाबद्दल कमी आणि तो कोणत्या मापाने मोजावा याबद्दल अधिक असतात. म्हणून परीक्षण हाती घेतल्यावर समीक्षकाचे माप कोणते, हे आधी शोधावे. उदाहरणादाखल येथे प्रिन्स या अमेरिकन गायक-संगीतकाराचा सप्टेंबर २०१५ मधील ‘हिट-एन-रन फेज वन’ हा अल्बम घेतला आहे, कारण त्यावरची मते खरोखरच दुभंगलेली होती.

प्रथम आकड्यांचा निकाल लावावा. मेटाक्रिटिक हे संकेतस्थळ वेगवेगळ्या नियतकालिकांचे तारे, गुण आणि श्रेणी शंभरच्या पट्टीवर आणते आणि काही नियतकालिकांना अधिक वजन देऊन सरासरी काढते. त्याच्या पट्टीवर ४० ते ६० गुण म्हणजे ‘संमिश्र’. आता ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकन संगीत-नियतकालिकाच्या परंपरेत पाचपैकी तीन तारे म्हणजे ‘चांगला’. पण ते शंभरच्या पट्टीवर ६० होतात आणि अल्बम संमिश्र ठरतो. समीक्षकाने पसंतीची मान डोलावलेली असते आणि पट्टीवर ती नाराजी म्हणून उमटते. शिवाय सगळ्यांनी साठ-साठ गुण दिले तरी सरासरी ६० आणि निम्म्यांनी नव्वद व निम्म्यांनी तीस दिले तरी ६०. पहिला अल्बम बेताचा असण्याची शक्यता आहे, दुसरा ऐकलाच पाहिजे. त्यामुळे एकत्रित आकडा बाजूला ठेवून सर्वांत चढे आणि सर्वांत उतरते अशी दोन परीक्षणे संपूर्ण वाचावीत. मधली नंतर चाळली तरी चालतात.

ज्येष्ठ कलावंतासाठी वापरली जाणारी मापे ढोबळमानाने तीन असतात: त्याचेच पूर्वीचे काम, आजच्या तरुणांचे संगीत, आणि समोरचे ध्वनिमुद्रण. पहिल्या मापाची ओढ सर्वांत जबर असते, आणि ती समीक्षकांपुरती नसते. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये १५ डिसेंबर २०१९ रोजी यू-टू या आयरिश बँडचा कार्यक्रम झाला, तो १९८७ च्या ‘द जोशुआ ट्री’ या अल्बमभोवती बांधलेला होता. नव्या अल्बमच्या बळावर तेवढीच गर्दी जमली असती का, हा प्रश्न कोणत्याही ज्येष्ठ बँडच्या बाबतीत विचारण्यासारखा आहे. प्रिन्सच्या बाबतीत हे माप आणखी जड होते. १९७८ च्या पहिल्याच अल्बमची निर्मिती, संयोजन आणि गायन त्याचे होते, आणि वाद्येही त्यानेच वाजवली होती. अशा माणसाने ‘फेज वन’ची निर्मिती वयाने कितीतरी लहान असलेल्या जोशुआ वेल्टनच्या साथीने केली, तेव्हा पहिले माप वापरणाऱ्यांना घर दुसऱ्याच्या हवाली केल्यासारखे वाटले. दुसरे माप वापरणाऱ्यांची तक्रार याच्या नेमकी उलट असू शकते: इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा साज चढवला याला हरकत नाही, पण तो साज ताजा नाही. या दोन तक्रारी एकत्र जोडून ‘समीक्षकांना अल्बम आवडला नाही’ असे म्हणता येत नाही, कारण एकीचे समाधान केल्यास दुसरी वाढेल. वाचताना समासात प्रत्येक आक्षेपापुढे मापाचा क्रमांक लिहावा. तिसऱ्या क्रमांकाची वाक्ये थोडी निघतील, पण ऐकताना तीच उपयोगी पडतात.

यानंतर परीक्षणातील सांगीतिक विधाने कानाने तपासावीत. फंकमध्ये चार मात्रांच्या आवर्तनातील पहिल्या मात्रेवर भार असतो. अमेरिकन गायक जेम्स ब्राउनच्या संगीतातून रुळलेली ही पद्धत, समेची वाट पाहायची सवय असलेल्या आपल्या श्रोत्याला लवकर उमगावी. ‘यात फंक नाही’ असे कोणी लिहिले असेल तर पहिल्या मात्रेवर ड्रम आणि बेस (खालच्या स्वरांची गिटार) एकत्र येतात का, की ठोका सर्व मात्रांवर सारखाच पडतो, एवढे पाहावे. मात्र ‘बेस नाही म्हणून गाणे पोकळ’ हे विधान जसेच्या तसे स्वीकारू नये. १९८४ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेल्या ‘व्हेन डव्ज क्राय’ या गाण्यातून प्रिन्सने बेस मुद्दाम काढून टाकला होता आणि त्याची पोकळी कोणाला खुपली नाही.

ही तपासणी लोकलमध्ये करू नये. ‘फेज वन’ सुमारे ३८ मिनिटांचा आहे, त्यामुळे ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची पनवेल गाडी पकडली तर तो प्रवासात संपेल खरा, पण बेस गिटारची सर्वांत खालची तार सुमारे ४१ हर्ट्झवर वाजते, आणि गाडीच्या खडखडाटात हेच खालचे स्वर आधी बुडतात. मोबाइलच्या स्पीकरमधून तर ते जवळजवळ येतच नाहीत. घरी, घोडबंदर रस्त्याकडची खिडकी असेल तर ती लावून, चांगल्या हेडफोनवर ऐकावे. (तारे देणाऱ्याने कशावर ऐकले हे कोणी छापत नाही, छापायला हवे.) तुलनेसाठी ‘धिस कुड बी अस’ हे गाणे सोयीचे आहे: ते २०१४ च्या ‘आर्ट ऑफिशियल एज’मध्ये एका रूपात आणि ‘फेज वन’मध्ये नव्या साजात आहे. दोन्ही लागोपाठ ऐकल्यावर वादाचा मुद्दा, म्हणजे साजाने गाण्याला काय दिले आणि काय झाकले, तुमच्या कानांपुढे येतो, आणि मग कोणता समीक्षक नीट ऐकत होता हेही कळते.

परीक्षणाची तारीख अवश्य पाहावी. ‘फेज वन’ ७ सप्टेंबर २०१५ रोजी प्रथम टायडल या ऑनलाइन संगीतसेवेवर आला, आणि पहिल्या काही दिवसांतली मते घाईत बनलेली असण्याचा संभव असतो. त्याच डिसेंबरमध्ये ‘फेज टू’ आला, त्यात ब्रास वाद्ये (ट्रम्पेटसारखी धातूची फुंकवाद्ये) आणि जुन्या वळणाचे फंक भरपूर होते. त्यामुळे पहिला भाग हा प्रयोगाचा अर्धा हिस्सा होता, असे म्हणण्याची सोय झाली. २१ एप्रिल २०१६ रोजी प्रिन्सचे निधन झाले. त्यानंतरच्या लिखाणात हळवेपणा येणे स्वाभाविक आहे, पण तो गुणांमध्ये मिसळू देऊ नये. ज्या लेखावर तारीखच नाही तो मोजदादीतून वगळावा.

शेवटी स्वतःचे टिपण करावे. त्यात तारे नकोत. कोणत्या साधनावर आणि कितव्यांदा ऐकले हे आरंभी नोंदवावे, आवडलेल्या व खटकलेल्या जागा मिनिट-सेकंदासह लिहाव्यात, आणि प्रत्येक मतापुढे वरच्या तीनपैकी आपले माप कोणते होते तेही लिहावे. ठाण्यातल्या किंवा वाशीतल्या दोन-तीन मित्रांनी असे टिपण स्वतंत्रपणे करून एकमेकांना दाखवले तर फारच चांगले. मात्र दाखवण्यापूर्वी कोणीही परीक्षणाचा दुवा गटात टाकू नये, असा नियम आधीच करून ठेवावा.