कोह सामुईला जायचे तर आधी महिना ठरवा
थायलंडच्या कोह सामुई बेटावर निवांत सुट्टी घालवायची असेल, तर हॉटेल शोधण्याआधी महिना पक्का करावा, कारण हे बेट थायलंडच्या आखातात असल्यामुळे तिथला पाऊस देशाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या फुकेत किंवा क्राबीच्या वेळापत्रकाप्रमाणे पडत नाही. फुकेतच्या बाजूला नैर्ऋत्य मोसमी वारे साधारण मे ते ऑक्टोबर पाऊस आणतात. सामुईला खरा मुसळधार पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये झोडपतो आणि नोव्हेंबर त्यात सर्वांत वाईट. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत सामुईचे पॅकेज कितीही स्वस्त दिसले, तरी मोह आवरलेला बरा. फेब्रुवारी-मार्च उत्तम, पण मुलांच्या शाळेमुळे मे महिनाच हाताशी असेल, तर उकाडा आणि अधूनमधून येणाऱ्या सरी गृहीत धरून फुकेतऐवजी सामुईच निवडावे.

सामुईवरचा चावेंगचा किनारा देखणा खरा, पण रात्री उशिरापर्यंत गजबजलेला असतो. ज्यांना पुस्तक घेऊन नुसते पडून राहायचे आहे, त्यांनी चोएंग मोनच्या आडोशाच्या लहानशा खाडीजवळ मुक्काम करावा. खोली घेण्यापूर्वी ओहोटीच्या वेळचे फोटो अवश्य पाहावेत, कारण काही किनाऱ्यांवर पाणी इतके मागे सरते की पोहण्याऐवजी चिखल तुडवावा लागतो.

थेट सामुईचे विमान बहुधा महाग पडते. मुख्य भूमीवरच्या सुरत थानी शहरापर्यंत विमानाने, पुढे बसने डोनसाक धक्क्यावर आणि तिथून सुमारे दीड तासाच्या फेरीबोटीने जाता येते. मात्र सुरत थानीला सकाळी उतरणारेच विमान घ्यावे, म्हणजे शेवटची बोट चुकण्याची धास्ती राहत नाही.