सर्पोद्यानातून ‘काहीच दिसलं नाही’ म्हणत परतता? या चुका टाळा

आमच्या भंडारा जिल्ह्यात दिवेलागणीनंतर सापाला साप म्हणत नाहीत. ‘जनावर’ म्हणतात, नाही तर ‘लांबडं’. धानाच्या बांधीत, पुंजण्याखाली, न्हाणीच्या मोरीत ते भेटतच असतं. म्हणून पहिल्यांदा सर्पोद्यान आणि प्राणी उद्यान पाहायला निघालो तेव्हा आबाजींनी विचारलं, “पैसे देऊन लांबडं पाहाले जाऊन रायले का बाप्पा?” अकरा माणसं गेलो, दुपारभर फिरलो आणि ‘सगळे झोपले होते, काहीच दिसलं नाही’ म्हणत परतलो. त्यानंतर तीन-चार वेळा जाणं झालं. आता वाटतं, जनावरं होती तिथंच होती. चुकलो आम्ही.

बंद दाराशी पोहोचणं

ही चूक सगळ्यात सोपी आणि सगळ्यात महागडी. प्रत्येक ठिकाणाची साप्ताहिक सुटी वेगळी असते. नागपूरचं गोरेवाडा सोमवारी बंद, ताडोब्याच्या जंगलाचा आतला भाग, म्हणजे गाभा, मंगळवारी, पुण्यातलं कात्रजचं प्राणी संग्रहालय बुधवारी. पावसाळ्यात ताडोब्याचा गाभाही पर्यटकांसाठी बंद असतो. आम्ही एकदा बाजाराचा दिवस टाळला, पोळ्याची सुटी गाठली, एसटीची वेळ जुळवली आणि नेमका बंदचा वार निवडला. पोरांनी फाटकाबाहेर आलूबोंडा खाल्ला तीच सहल. निघण्याच्या आदल्या दिवशी फोन करून विचारा. सुटीचे वार आणि वेळा बदलतातही.

वाघाची वेळ सापाला लावणं

खरी गोम इथं आहे. वाघ, बिबट, अस्वल ही गरम रक्ताची जनावरं. सकाळी गारव्यात ती हिंडतात, ऊन चढलं की सावली धरतात. साप, मगर, घोरपड, कासव यांना स्वतःच्या अंगात तशी ऊब तयार करता येत नाही, ती बाहेरून घ्यावी लागते. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत सकाळी आठला सापांच्या घरापुढे उभे राहिलात तर रिकामी माती दिसेल. दहा-अकराला ऊन पडलं की तेच साप अंग पसरून बसलेले असतात.

म्हणून थंडीत आधी वाघ-हरणं, नंतर साप-मगर. मे महिन्यात नेमकं उलटं: दार उघडल्या-उघडल्या सापांकडे जायचं, कारण आपल्याकडचं दुपारचं ऊन त्यांनाही सोसत नाही आणि ते ओल्या मातीत, मडक्यात, दगडाखाली शिरतात. लग्नसराईत आलेले पाहुणे जेवण आटोपून दुपारी दोनला निघतात आणि मग उद्यानाच्या नावानं खडे फोडतात. उन्हाळ्यात त्या वेळी निघू नका, एवढं ऐका.

“मेलं का बाप्पा?”

मगर तासभर जबडा वासून पडली होती. आमच्या मामाजींनी ती मेली असं जाहीर करून टाकलं. ती अंगातली उष्णता सांभाळत होती. सापाला पापण्या नसतात, म्हणून तो झोपलेला असो की जागा, डोळे उघडेच दिसतात. अजगरानं मोठं भक्ष्य गिळलं की त्याला पुढचे कित्येक दिवस खायची गरज पडत नाही, मग त्यानं हलावं तरी कशाला?

यावर पोरांचा पहिला उपाय काचेवर टकटक. सापाला बाहेरचे कान नसतात, पण जमिनीतून आणि काचेतून येणारा हादरा त्याला चांगला कळतो. नाग चिडून काचेवर डोकं आपटतो, तोंडाला जखम करून घेतो. दुसरा उपाय म्हणजे मगरीच्या डोहात खडे, नाणी, शेंगदाण्याचे पुडे फेकणं. मगर ते गिळूही शकते. प्राणी संग्रहालयातल्या जनावराला डिवचणं किंवा काही खाऊ घालणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार गुन्हा आहे. रखवालदार शिट्टी वाजवतो ती उगाच नाही.

न हलणारं जनावर पाहायची रीत वेगळी. आधी पाटीवरचं चित्र पाहा, मग काच. मधल्या जमिनीऐवजी कोपरे, फांद्या, पाण्याच्या भांड्यामागची जागा शोधा. हरणटोळ हिरव्या वेलीत असा मिसळतो की नजर त्याच्यावरून दोनदा निघून जाते. एका खोपट्यापुढे पाच मिनिटं थांबा. पोरांना पैज लावून द्या, आधी कोणाला दिसतो. सगळं उद्यान पाहायचा हट्ट सोडला तरच हे जमतं.

(सांबराच्या पिंजऱ्यापुढे मात्र आमची पोरं हसून लोळली. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर.)

काचेपुढे उभं राहून थापा मारणं

‘दूध पितो’, ‘डूख धरतो’, ‘पुंगीवर डोलतो’. हे मोठ्यांनीच पोरांना सांगायचं आणि समोर खरा साप असायचा. साप दूध पिण्यासाठी बनलेला नाही. पुंगीच्या सुरावर तो डोलत नाही, हलणाऱ्या पुंगीवर नजर ठेवतो. त्यापेक्षा तिथल्या माणसाला विचारा. दोन प्रश्न तर विचाराच: मण्यार आणि कवड्यात फरक काय? घोणस, म्हणजे आपली परड, आणि अजगराचं पिल्लू यांत फरक काय?

कवड्या बिनविषारी. त्याचे पट्टे मानेपाशी ठळक असतात आणि शेपटीकडे फिके होत जातात. मण्यारीचं उलटं: मानेपाशी पट्टे नसतात किंवा पुसट असतात, शेपटीकडे ठळक होतात, बहुधा जोडीजोडीनं. परडीच्या पाठीवर साखळीसारख्या गोल ठिपक्यांच्या तीन रांगा असतात आणि ती कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते. अजगराचे डाग वेडेवाकडे, कुठंही जुळलेले. हा फरक मोबाइलवरच्या फोटोत कळत नाही, काचेपलीकडचा साप शांतपणे न्याहाळला की कळतो. शेतात मात्र या ज्ञानाच्या भरवशावर साप हातात धरू नका, लांब राहून सर्पमित्राला बोलवा. चावलाच तर बांधणं, कापणं, चोखणं, मांत्रिक यांत वेळ न घालवता माणसाला हलू न देता 108 वर फोन करा.

मण्यारीपुढे आमची आजी अडकली. सगळे पुढे गेले तरी ती काचेशीच. तिथल्या माणसानं तिला सांगितलं की मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, कित्येकदा दुखतही नाही, सूजही येत नाही. पहाटे पोट दुखायला लागतं, पापण्या जड होतात, तेव्हा कळतं. आजी काही बोलली नाही. आयुष्यभर ती ओसरीवर सतरंजी टाकून झोपत आली होती. घरी पोहोचल्यावर चहाही घ्यायच्या आधी तिनं धाकट्या काकाला म्हटलं, “माडीवरची बाज खाली काढ. अन् मच्छरदाणी पाहा कुठं हाय ते.”