खिशातनं घरी आलेला दवाखाना: नर्स मंडळींनो, या चुका टाळा

नाईट करून बेळगावातनं खानापूरला घरी आले, युनिफॉर्मची पिशवी वॉशिंग मशीनजवळ टाकली आणि झोपले. दुपारी उठून बघते तर सासूबाईंनी कट्ट्यावर सगळं ओळीनं मांडून ठेवलेलं, दोन स्पिरिट स्वॅब, अर्धा मायक्रोपोर (कागदी चिकटपट्टी), एक थ्री-वे (सलाईनच्या नळीला जोडायची तीन तोंडांची तोटी), कुठल्या तरी पेशंटची शुगर लिहिलेला ग्लोव्हजच्या खोक्याचा तुकडा आणि १० एमएलचं एक अँप्यूल, म्हणजे इंजेक्शनच्या औषधाची सीलबंद कुपी. वर म्हणाल्या, "काय गे हे, खिशात दवाखाना घेऊन हिंडूलीस की काय?"

तेव्हा हसले मी. आपल्यात सगळ्यांचंच असं होतंय, बेळगावात काय नि निपाणी-चिकोडीत काय, सिस्टर असो की ब्रदर, पेनं तर कुणाची कुठल्या घरी गेलीत देवाला माहीत. पेनांवर बोलत नाही मी, पेनांचा हिशोब कुणाला लागलाय. पण बाकीच्या वस्तूंचं तसं नसतंय, आणि घरी आणण्यापेक्षा आणल्यानंतर आपण जे करतो तिथंच जास्त घोळ होतोय.

"असू दे खिशात, लागंल" ही पहिली चूक

कॅन्युला (शिरेत घालायची बारीक नळी) लावायला जाताना एक जादा घेतो, दोन स्वॅब जादा, फ्लशला, म्हणजे ती नळी धुवायला, एक अँप्यूल जादा, कारण परत नर्सिंग स्टेशनपर्यंत कोण येणार, तिकडं बेड नंबर सातची बेल वाजतेय आणि नातेवाईक "सिस्टर, सलाईन संपलं" म्हणून मागं उभा. जादाचं वापरलं जात नाही ते खिशात राहतंय. यावर उपाय ट्रे. पेशंटपाशी जाताना किडनी ट्रे न्यायचा आणि तोच परत आणायचा, खिशात फक्त पेन, कात्री आणि टेप. सुरुवातीला वैताग येतोय, आठवड्यात सवय होतेय.

आणि एक लक्षात घ्या, आपल्याकडं कितीतरी ठिकाणी औषध वॉर्डाच्या स्टॉकमधलं नसतंच, नातेवाईकानं चिठ्ठी घेऊन मेडिकलमधनं पैसे मोजून आणलेलं असतंय. उरलेलं तो बिलासकट परत करायला मागतो. एकदा एक म्हातारे बाबा डिस्चार्जच्या वेळी पिशवी उलटी करून मोजत बसले होते, "नम्म इंजेक्शन एल्लि री सिस्टर?" (आमची इंजेक्शनं कुठं हो?), दोन कमी होती. माझ्या खिशात होती. लगेच काढून दिली, पण त्यांनी ज्या नजरेनं बघितलं ना, ती अजून आठवतेय.

अँप्यूल मिसळणं

हे मात्र चेष्टेवारी नेऊ नका. पोटॅशियम क्लोराईड पण १० एमएलमध्ये येतंय, डिस्टिल्ड वॉटर पण १० एमएलमध्ये, आणि खिशात हात घालून गडबडीत काढलं तर अंधुक लाईटमध्ये चटकन फरक कळत नाही. पोटॅशियम डायल्यूट न करता सरळ शिरेत गेलं तर हृदय बंद पडतंय, हे शिकून आलोय सगळे. म्हणून ते खिशात घालायचंच नाही, एक मिनिटासाठी पण नाही. आणि खिशातनं काढलेलं कुठलंही अँप्यूल लेबल पूर्ण वाचल्याशिवाय फोडायचं नाही, लेबल घासून पुसट झालं असेल तर ते औषध संपलं म्हणून समजायचं.

युनिफॉर्म तसाच पिशवीत कोंबणं

सीबीटीला, म्हणजे बेळगावच्या मोठ्या बसस्टॅण्डला, बस गाठायची असते म्हणून चेंजिंग रूममध्ये दोन मिनिटांत कपडे बदलून युनिफॉर्म कोंबला जातो, खिसे बघायचे राहून जातात. आमच्या चेंजिंग रूमच्या आरशावर मी एक कागद चिकटवलाय, "किसे नोड्री" (खिसे बघा), कारण निम्म्या पोरी कन्नड बोलणाऱ्या आणि आमचा खिसा नि त्यांचा किसे एकच, मराठीत वेगळा लिहायची गरजच पडली नाही. शिवाय हॅण्डओव्हरला, म्हणजे पुढच्या ड्यूटीच्या सिस्टरला चार्ज देताना, काउंट (वस्तूंची मोजणी) सुरू करायच्या आधी दोघींनी खिसे ट्रेत रिकामे करायचे. काउंट झाल्यावर खिशातनं काही निघालं तर सगळं परत मोजत बसावं लागतंय.

मशीनमध्ये गेलंच तर

पेन फुटून शाई लागली तर कापड परत धुवायच्या आधी डागाखाली जुना टॉवेल घालून स्पिरिटच्या बोळ्यानं टिपायचं, घासायचं नाही, घासलं की पसरतंय. मायक्रोपोर चिकटला तर कापड सुकू द्या, मग सुटतोय.

काचेचं अँप्यूल फुटलं तर मात्र थांबा. मशीन बंद, प्लग काढा, आणि हात घालू नका, पोरांना लांब ठेवा. जाड रबरी ग्लोव्हज घालून एकेक कपडा उचलून बाहेर मोकळ्यावर झटका, ड्रमच्या आतनं ओल्या जाड कागदानं किंवा चिकटपट्टीनं बारीक काचा टिपून घ्या, रबराच्या घडीत बघा, तिथंच अडकतात. नंतर रिकामं मशीन एकदा फिरवा. घरातल्या लहान पोरांचे कपडे त्याच पाण्यात होते तर ते दोनदा तपासा.

वापरलेली सुई निघाली तर टोपी घालायचा प्रयत्न करू नका. झाकणाची जाड प्लास्टिकची बाटली घ्या, चिमट्यानं उचलून त्यात टाका, झाकण घट्ट लावून दवाखान्यातल्या पांढऱ्या डब्यात नेऊन टाका, घरच्या कचऱ्यात नको, पहाटे गाडीवर येणाऱ्या बाईचा हात त्यात जातो. २०१६ च्या बायोमेडिकल वेस्टच्या नियमांत सुया पांढऱ्यात, काच निळ्यात, हे आपण पाठ करतो, पण ते काय वॉर्डाच्या दारापर्यंतच लागू आहे होय? आणि कुणाला टोचलंच तर साबण-पाण्यानं धुवायचं, दाबून रक्त काढायचं नाही, तोंड लावायचं नाही, आणि लगेच कॅज्युअल्टी गाठायची. एचआयव्हीची पेप (लागण होऊ नये म्हणून घ्यायची) औषधं शक्यतो दोन तासांत सुरू करायची असतात, ७२ तासांनंतर उपयोग होत नाही, कोर्स २८ दिवसांचा. हेपॅटायटिस बीचं पण तिथंच विचारायचं. "आपल्याच पेशंटची सुई, काही नसेल" असं म्हणत संध्याकाळपर्यंत बसू नका.

गुपचूप परत ठेवणं

माझ्या मते ही सगळ्यात वाईट चूक, आणि करणारी प्रत्येक जण स्वतःला प्रामाणिक समजत असते. घरी आणलेलं अँप्यूल दुसऱ्या दिवशी हळूच क्रॅश कार्टमध्ये (इमर्जन्सीच्या औषधांच्या गाडीत), आकडा जुळला, विषय संपला. पण इन्सुलिन, ऑक्सिटोसिन (बाळंतपणातला रक्तस्राव थांबवायचं), सक्सामेथोनियम (स्नायू सैल करायचं) ही २ ते ८ डिग्रीत ठेवायची औषधं. एप्रिलच्या दुपारी बसमध्ये खिडकीकडच्या सीटवर, पिशवीत, नंतर घरी कपाटावर, असं फिरून आलेलं औषध फ्रीजमध्ये परत गेलं की दिसायला तस्संच दिसतंय, काचेकडं बघून काही कळत नाही, आणि कळतंय कधी, तर बाळंतीण ब्लीड करत असताना. सील असलेली कॅन्युला पण तशीच, खिशात दुमडून पाकिटाला बारीक भोक पडलं की ती स्टराईल राहिली नाही. म्हणून परत न्यायचं ते इनचार्जच्या हातात, "काल माझ्या खिशातनं घरी गेलं होतं" एवढं बोलून. ती ओरडंल, रजिस्टरमध्ये लिहील, वस्तू टाकून देईल. टाकू दे.

किल्ली

एकदा नार्कोटिक कपाटाची, म्हणजे मॉर्फिनसारखी औषधं कुलपात ठेवतात त्याची, किल्लीच घेऊन आले. घरी चहा ओतत होते तेवढ्यात फोन, कॅन्सरच्या पेशंटला मॉर्फिन द्यायचंय आणि किल्ली नाही. पंचवीस-सव्वीस किलोमीटर उलटं जायचं, तेही नाईट झालेली. कर्नाटकात बसला आम्हा बायकांना झिरो तिकीट, पण स्टॅण्डपासनं रिक्षावाल्यानं ८० रुपये घेतले, ते सोडा. वॉर्डात पोचले तेव्हा तो माणूस बेडचा दांडा धरून बसला होता, काही बोलला नाही. तेव्हापासनं किल्लीला वीतभर लांब लाल पट्टी बांधलीय, खिशातनं बाहेर लोंबतेय, आणि हॅण्डओव्हरला पहिली ती, मग बाकीचं.

गेल्या दिवाळीला साफसफाईत घरातला एक ड्रॉवर मोकळा केला. अकरा पेनं, चार मायक्रोपोर, एक टूर्निके (शीर फुगवायला दंडाला बांधायचा पट्टा), दोन कात्र्या. सगळं कॅरीबॅगमध्ये घालून इनचार्ज मॅडमसमोर नेऊन ठेवलं, आता बोलणी खायची म्हणून उभी राहिले. त्यांनी पिशवीत बघितलं, एक कात्री उचलली, दांड्याला गुंडाळलेला निळा दोरा बघितला आणि म्हणाल्या, "ही माझी गं. दोन वर्षं झाली, मी तिसऱ्या मजल्यावरच्या पोरींशी भांडत होते."