सेकंडहँड ‘हॉट हॅच’ घ्यायची तर: ठाणे-नवी मुंबईकरांसाठी तपासणीची रीत

चार मीटरच्या आत बसणारी, टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) असलेल्या पेट्रोल इंजिनाची, पळायला चपळ आणि खिशाला झेपणारी गाडी, म्हणजे ‘हॉट हॅच’, आता शोरूममध्ये शोधावी लागते. फियाटची पुंटो अबार्थ आधीच गेली, मारुतीची बलेनो आरएस २०२० मध्ये बंद झाली आणि २०२२ मध्ये चाकणला फोक्सवॅगन पोलोचं उत्पादन थांबलं. याचं खापर विजेच्या गाड्यांवर फोडलं जातं, ते पूर्ण खरं नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे आणि विजेच्या गाडीवर ५ टक्के. फरक आहे, पण एक लिटरचा टर्बो करानं मारला नाही. गिऱ्हाईकच उंच गाड्यांकडे वळलं.

नव्यात घ्यायची तर ह्युंदाईची आय-२० एन लाइन आहे: ९९८ सीसी, १२० पीएस (म्हणजे साधारण हॉर्सपॉवर). बाकी बाजार जुन्या गाड्यांचा. बलेनो आरएस १०२ पीएसची, मॅन्युअल आणि सांभाळायला सोपी. अबार्थ १४५ पीएसची, पण सुटे भाग शोधत फिरायची तयारी असेल तरच. पोलो जीटी टीएसआय नावानं दोन वेगळ्या गाड्या विकल्या गेल्या, आणि लोक इथेच फसतात. २०१३ पासूनची १.२ लिटर, १०५ पीएस, सात गिअरच्या डीएसजीची, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची. २०२० नंतरची बीएस-६, १.० लिटर, ११० पीएस, सहा गिअरच्या टॉर्क कन्व्हर्टरची, म्हणजे नेहमीच्या ऑटोमॅटिकची. घोडबंदर रोडनं रोज ये-जा असेल तर ही २०२० नंतरचीच घ्या.

कारण असं. जुन्या डीएसजीत दोन कोरडे क्लच आहेत. चालत्या रस्त्यावर ते झकास चालतात, पण मुंगीच्या पावलानं सरकताना क्लच सतत अर्धवट घसटत राहतो, तापतो आणि झिजतो. त्यात मेकॅट्रॉनिक, म्हणजे गिअरबॉक्सचं इलेक्ट्रॉनिक आणि हायड्रॉलिक डोकं, बिघडलं की गाडी जागेवर बसते आणि बिल घाम फोडतं. ‘क्लच नुकताच बदललाय’ असं विकणारा म्हणाला तर बिल मागा. बिलावर किलोमीटर लिहिलेले असतात, ते मीटरशी ताडून पाहा.

ही खोड पाच मिनिटांच्या फेरीत दिसत नाही. संध्याकाळी सहाच्या सुमारास कापूरबावडीहून गायमुखच्या दिशेनं निघा आणि अर्धा तास गर्दीतच चालवा. गिअरबॉक्स तापला की ‘डी’मध्ये ब्रेक सोडून गाडी आपोआप सरकू द्या. पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या मध्ये थरथर जाणवली, धक्का बसला किंवा गिअरचं अक्षर लुकलुकलं, तर सौदा तिथेच सोडा. तसं काही नसेल तर मग सोसायटीच्या पोडियम पार्किंगच्या रॅम्पवर अर्ध्यात गाडी थांबवून रिव्हर्समध्ये वर घ्या. क्लच दमलेला असेल तर इथे जळका वास येतो. (रॅम्पवर मागे कोणी नाही ना, ते आधी बघा.)

टर्बोसाठी गाडी थंड असतानाच जा. विकणाऱ्यानं आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी परत या. सुरू केल्यावर निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. मग बेलापूरच्या पारसिक हिलचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये चढा: ओढ एकसारखी हवी. मध्येच दम टाकत असेल तर इंटरकूलरची (टर्बोची हवा थंड करणाऱ्या भागाची) नळी फाटलेली असू शकते, जी स्वस्तात सुटते, किंवा टर्बोच गेलेला असतो, जो सुटत नाही. ओबीडी पोर्टला, म्हणजे गाडीतल्या तपासणीच्या सॉकेटला, ब्लूटूथ स्कॅनर लावा. कूलंटचं तापमान गर्दीतही साधारण ९० अंशांच्या आसपास स्थिर हवं. एकही एरर नाही, पण ‘रेडिनेस मॉनिटर’ (गाडीनं स्वतःच घेतलेल्या चाचण्या) अपूर्ण दाखवतायत? मग बहुधा कुणीतरी नुकतेच एरर पुसलेत.

पावसाळ्यात पाण्यात गेलेल्या गाड्या धुऊन-पुसून, पॉलिश मारून दिवाळीच्या आसपास बाजारात येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. एरवी गुंडाळलेला राहणारा शेवटचा वीतभर पट्टा कुणी धूत नाही, तिथे चिखलाची रेघ राहते. सीटखालच्या रेलचे बोल्ट गंजलेत का बघा, स्टेपनीच्या खड्ड्यात बोट फिरवा. टायरच्या बाजूवरचा चार आकडी क्रमांक आठवडा आणि वर्ष सांगतो: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. खोल नक्षी दिसली तरी इतका जुना टायर बदलायचा खर्च किमतीतून वजा करा.

ई-२० पेट्रोलचाही (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) विचार करा. एप्रिल २०२३ आधीच्या बहुतेक गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. मायलेज थोडं कमी होतं आणि रबरी नळ्या, सील लवकर खराब होऊ शकतात. इंजिन बे उघडल्यावर पेट्रोलचा वास येत असेल तर नळ्या आधी बदलून घ्या.

आणि विजेची? पार्किंगच्या जागेपर्यंत स्वतःच्या मीटरवरून १५ अँपिअरचा पॉइंट मिळत असेल तरच. सोसायटीशी आधी लेखी बोला, महावितरणची जोडणी सोसायटीच्या मीटरपासून वेगळी ठेवा; युनिटवरून भांडणं होतात. २४ किलोवॅट-अवरची टियागो ईव्ही स्पोर्ट मोडमध्ये ० ते ६० किलोमीटरचा वेग कंपनीच्या दाव्यानुसार ५.७ सेकंदांत गाठते. सिग्नलवर ती मजा खरी आहे. घाटातल्या वळणांवर बॅटरीचं वजन जाणवतं. अटल सेतूवर विजेच्या गाडीला टोल माफ आहे, हा उलव्याकडच्यांना मोठा फायदा. सेकंडहँड ईव्ही घेताना सर्व्हिस सेंटरमधून बॅटरीचा हेल्थ रिपोर्ट काढून घ्या, आणि वॉरंटी दुसऱ्या मालकाला कितपत लागू होते ते वॉरंटी पुस्तिकेत वाचा. विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका.

मोठा आवाज करणारा सायलेन्सर, रीमॅप केलेलं (सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेलं) इंजिन असेल तर किंमत वाढत नाही, घटते. मूळ सायलेन्सर हातात मिळाल्याशिवाय व्यवहार करू नका.

कागदपत्रांत कर्जाचा बोजा आणि थकलेली ई-चलनं आधी बघा. एमएच-०४ असो, एमएच-४३ असो वा एमएच-४६, बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ शिवाय बोजा उतरत नाही. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही तुमच्यासमोर व्हावी. विमा चौदा दिवसांच्या आत नावावर करून घ्या, नाहीतर ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, दावा अडकतो. नो-क्लेम बोनस विकणाऱ्याकडेच राहतो, म्हणून फरकाची रक्कम भरावी लागेल, ती आधीच हिशेबात धरा.