चौकोनी भोकाचं चिनी नाणं कसं ओळखायचं

लाल फितीत बांधलेली तीन चिनी नाणी पाकिटात जपणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. फेंगशुईच्या दुकानातली ही नाणी बहुतेक नकली असतात. खरी, म्हणजे छिंग घराण्याच्या काळातली (१६४४ ते १९१२) पितळी नाणी मात्र कोट्यवधींनी निघाली आणि जुन्या नाण्यांच्या विक्रेत्याकडे अजूनही मिळतात. समोर ढीग असेल तर असं तपासा.

आधी कड बघा, चेहरा नंतर. आपली शिवराई ठशांमध्ये ठेवून हातोड्यानं पाडलेली. हे नाणं मात्र भांड्यासारखं ओतीव. नमुन्याची नाणी ओल्या वाळूत दाबून साचा करायचे आणि त्यात वितळलेलं पितळ सोडायचे. थंड झाल्यावर हाती यायचं ते नाण्यांनी लगडलेलं झाडच. नाणी तोडली की त्यांची कड खरबरीत राहायची. मग ती चौकोनी सळीत ओवून एकदम कानसायची. भोक चौकोनी असल्यामुळे नाणी सळीवर फिरत नसत. म्हणून भिंगातून कडेवर कानशीचे ओरखडे शोधा. कड आरशासारखी गुळगुळीत आणि सगळी नाणी हुबेहूब सारखी, तर ती परत ठेवा.

आता अक्षरं. वाचायचा क्रम वर, खाली, उजवीकडे, डावीकडे. वरची-खालची दोन अक्षरं म्हणजे सम्राटाच्या राजवटीचं नाव. उजवी-डावी म्हणजे ‘थुंग पाओ’, चलनी नाणं. ही दुसरी जोडी छिंगच्या साध्या नाण्यांवर बदलत नाही, त्यामुळे चिनी न येणाऱ्यालाही फक्त वरची-खालची जोडी चित्राशी ताडून बघायची असते. सुरुवातीला खांगशी (१६६२-१७२२) आणि चिएनलुंग (१७३६-९५) ही दोनच नावं डोळ्यात बसवा.

खरी गंमत पाठीमागे आहे. तिथे मांचू, म्हणजे छिंग राज्यकर्त्यांच्या मूळ भाषेच्या लिपीतले दोन उभे शब्द असतात. डावीकडचा ‘बाओ’, खजिना. उजवीकडचा टाकसाळीचं नाव सांगतो. बीजिंगमध्येच दोन टाकसाळी होत्या, एक महसूल खात्याची, दुसरी बांधकाम खात्याची. खांगशीच्या प्रांतिक नाण्यांवर मात्र डावीकडे मांचू आणि उजवीकडे चिनी अक्षर दिसतं. त्यानं गडबडू नका. आणि नाणं तांबूस असून उजवीकडे अरबी लिपी दिसली, तर थांबा! ते चीनच्या पश्चिम टोकाच्या शिनच्यांगमधल्या यार्कंदसारख्या ठिकाणचं, जवळपास शुद्ध तांब्याचं असू शकतं. तिथे चिएनलुंगच्या काळात, १७६० च्या सुमारास टाकसाळ सुरू झाली.

वजनासाठी सोनाराचा छोटा डिजिटल काटा पुरतो. चिएनलुंगचं नाणं साधारण साडेचार ग्रॅमच्या हिशेबानं ओतलेलं, झिजून चारच्या आसपास भरतं. लोहचुंबकही लावा, पितळी दिसणारं नाणं चिकटलं तर आत लोखंड आहे. नाणं फार मोठं असलं म्हणून मात्र लगेच नकली ठरवू नका. छिंग सत्तेविरुद्धच्या थायफिंग बंडाच्या खर्चानं बेजार झालेल्या श्येनफंग सम्राटानं १८५३ पासून जास्त दर्शनी किमतीची मोठी नाणी काढली होती.

शेवटी, घासू नका. साधं पाणी आणि मऊ ब्रश, बस्स. माझं पहिलं चिएनलुंग मी चिंचेनं लख्ख केलं. ते आता देवघरातल्या पळीसारखं चमकतं आणि एकही विक्रेता त्याच्याकडे ढुंकून बघत नाही.